ओसाकात पाहण्यासारखं

चिनात्सु ओसाकात एकटीच राहायला आली, तेव्हा आईने बजावलं होतं, "बाल्कनीत पुरुषाचा एखादा शर्ट वाळत घाल. घरात कुणी बाप्या आहे असं दिसू दे." तिने पहिल्याच दिवशी एक निळा शर्ट दोरीवर टाकला.

पुढे इंटरनेटवर एका अनोळखी माणसाने विचारलं, "ओसाकात गर्दी नसलेलं काय पाहू?" तिने हौसेने आपल्या गल्लीतलंच सगळं सांगितलं. कोपऱ्यावरचं ताकोयाकीचं, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांचं दुकान, जुनं सार्वजनिक न्हाणीघर आणि तिच्या बाल्कनीसमोरचं, दारात दगडी कोल्हे असलेलं देऊळ.

पंधरवड्याने त्याचा निरोप आला, "सगळं पाहिलं, फार आवडलं. देवळाच्या पायरीवर तर रोज येऊन बसतो. फक्त एक विचारू?



आठ दिवस झाले, तुमचा तो निळा शर्ट अजून वाळला नाही का हो?"