मेणबत्तीची तपासणी

शहाण्णवच्या उन्हाळ्यात हुबळीत दुपारची वीज हटकून जायची. त्या दिवशीही गेली आणि कमरीपेठेतल्या दवाखान्यातलं फुंकायचं यंत्र बंद पडलं. डॉक्टर सुधींद्रांनी गोदूबाईंची छाती नळीने ऐकली. आत शिट्ट्या वाजत होत्या. बाईंचा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, त्यामुळे निदान ठरल्यातच जमा होतं. तरी खात्रीसाठी डॉक्टरांनी जुनी पद्धत काढली आणि मेणबत्ती पेटवून बाईंच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर धरली.

"तोंड उघडं ठेवून फुंका, अक्का. ओठांचा चंबू करायचा नाही."

"दिवा फुंकून विझवू नये, डॉक्टर."

"हा देवापुढचा नव्हे, तपासणीचा आहे."

गोदूबाईंनी नाइलाजाने फुंकलं. ज्योत हलली नाही. अशा फुप्फुसांचं असंच होतं.

"कसं फुंकायचं ते मी दाखवतो," म्हणत डॉक्टरांनी स्वतः फुंकर घातली. सकाळीच ते नृपतुंग टेकडी चढून थेट इकडे आले होते. आज तर नेहमीची धापसुद्धा लागली नव्हती.

ज्योत हलली नाही.

त्यांनी मेणबत्ती अगदी जवळ घेतली, ओठांचा चंबू करून पुन्हा फुंकलं. ज्योत सरळच उभी. मग त्यांनी तळहात तोंडापुढे धरून फुंकून पाहिलं. तळहाताला काहीच लागलं नाही.

गोदूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. डॉक्टरांच्या हातातली मेणबत्ती हळूच काढून घेतली आणि दक्षिणेकडच्या भिंतीशी, जमिनीवर ठेवली.

"आता हा दिवा विझू द्यायचा नसतो," त्या म्हणाल्या.