नऊ भाकरी

भिंतीपलीकडं सातवी भाकरी थापायला सुरुवात झाली आणि सोजराबाईचा परातीतला हात थांबला.

शेजारचा तुळजाराम परवाच उदगीरला गेला होता. तो तीन भाकरी खायचा, दोन पोरं दोन-दोन आणि त्याची बायको अंबुबाई दोन. हुलसूरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी किती भाकरी होतात, हे सोजराबाईला नुसत्या थापांवरून पाठ होतं. मधली भिंत मातीची आणि कान देवानं दिलेले, त्याला ती काय करणार? तुळजाराम नाही म्हणजे भाकरी सहा व्हायला हव्यात. काल नऊ झाल्या. परवाही नऊच. आणि आज ही सातवी!

पाहुणा आला म्हणावं, तर कालवणाला शेंगा भाजल्याचा वास नाही. चैताचे दिवस, विहिरी तळाला गेलेल्या, भाजी औषधालाही मिळत नव्हती. सगळ्या गल्लीत चिगूरच शिजत होता. चिंचेला कोवळी पालवी फुटली की ओटीभर खुडून आणायची, मूठभर तुरीच्या डाळीत टाकायची, वरून लसणाची फोडणी. फुकटचं कालवण, पण पाहुण्याच्या ताटात कुणी ते वाढणार नाही. मग नवरा गावाला गेल्यावर त्याच्या वाटच्या तीन भाकरी खातंय कोण? नाही नाही ते सोजराबाईच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा मजाही वाटली.

तिनं खापर उचललं. परदेशातल्या मोठ्या लढाईपायी काडीपेटी मिळेनाशी झाली, तेव्हापासून शेजारी विस्तव मागायला जाण्यात कुणाला काही वाटत नसे. स्वतःची चूल धडधडत असताना मात्र आजवर कुणी गेलं नव्हतं.

अंबुबाई दारातच आडवी उभी राहिली.

"अक्का, तुमच्या घरातनं तर धूर निघायलाय की."

"चूल इझायला आलीय ग," सोजराबाई म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून आत बघू लागली.

अंबुबाईचे दोन्ही हात दाराच्या चौकटीवर होते. कोरडे. आणि आत भाकरी थापणं चालूच होतं. दोन हलक्या थापा, एक जड. दोन हलक्या, एक जड.

सोजराबाईनं ती चाल ओळखली. हा हात तिनंच वळवला होता. अंबुबाईची लेक शकू सात वर्षांची असताना तिला परातीपुढं बसवून भाकरी फिरवायला शिकवली, तेव्हा पोरीनं ही चाल धरली ती कधी सोडलीच नाही. दीड वर्षामागं तिला कल्याणी गावात दिली होती.

"शकू कधी आली ग?"

अंबुबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं. "हळू बोला अक्का. रातोरात चालत आली. हे माझ्या भावाला आणायला गेलेत. तो आला की पंचांपुढं उभा राहंल, तंवर लपवायची. तिचा दीर हुडकत आलाय, चावडीत बसलाय. त्यानं नेली तर माझी लेक पुन्हा जित्ती दिसायची न्हाई."

"अन् तीन भाकरी?"

"तीच खाती. तिथं दिवसाला अर्धी मिळायची."

चुलीच्या उजेडात शकूचे हात दिसत होते. बांगड्या निसटू नयेत म्हणून मनगटाला चिंधी बांधली होती. तिनं वर पाहिलं नाही, आठवी भाकरी तेवढी तव्यावर टाकली. सोजराबाईच्या पोटात काही राहत नाही, हे मायलेकी दोघींनाही ठाऊक होतं.

"पाया पडते अक्का," अंबुबाई म्हणाली.

सोजराबाई विस्तव घेऊन घरी आली. तिच्याच ओट्यावर लाल पटक्याचा एक माणूस बसला होता.

"म्या कल्याणीचा. आमची भावजय घर सोडून आलीय. कुनी सांगितलं तर पाटील आत्ता घर धुंडतो म्हनतेत. चावडीत म्हनले, त्या गल्लीतलं सोजराबाईला इचारा. तुमच्यापासनं काई लपत न्हाई म्हनं."

उभ्या जन्मात सोजराबाईला कुणी असा मान देऊन काही विचारलं नव्हतं. ती परात दारात ओढून बसली, पिठाचा गोळा घेतला आणि जोरजोरात थापायला लागली.

"बाई, जरा थांबा की. ऐकू येईना."

ती थांबली. मग भिंतीपलीकडची नववी भाकरी लख्ख ऐकू आली. दोन हलक्या, एक जड. त्यानं मान वळवली. भिंतीकडं बघत तो ऐकत राहिला.

"कोन थापायलंय?"

"अंबू. दुसरं कोन थापंल?"

"घरात आनिक कुनी आलंय काय?"

"मला कसं कळावं बाबा? भिंतीला कान लावून बसती व्हय मी?"

तो आणखी थोडा वेळ ऐकत बसला. मग त्यानं जांभई दिली, धोतर झटकलं आणि निघाला. लिंबाशी वळून तो दिसेनासा होईपर्यंत सोजराबाई बघत होती. त्याचं बोलणं पलीकडं गेलं असावं, कारण भाकरी अर्ध्यातच थांबली होती. तिला आधी हायसं वाटलं, मग असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती भिंतीपाशी गेली आणि तोंड लावून म्हणाली,

"गेला तो. थाप ग पोरी, पोटभर थाप. दीड वरीस तुझ्या हातचं खाल्लं मेल्यानं, पन हात न्हाई वळखला."