गळ्यातलं अपडेट

हेमांगीआत्या पाळण्यावर वाकली, रडणाऱ्या भाचीच्या कानाशी तोंड नेलं, आणि आत्याच्या गळ्यातल्या पट्ट्याने गोड आवाजात जाहीर केलं:

"अपडेट अयशस्वी. काहीतरी चुकले आहे."

बायका फिसकन हसल्या. ऑपरेशनात स्वरतंतू गेल्यापासून हा पट्टाच हेमांगीचा आवाज होता. आज ती पहिल्यांदाच आत्या झाली होती आणि नाव सांगायचा मान तिचा होता. तिने चिडून बटण दाबलं.

"काय चुकले ते सांगता येत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

"वन्सं, पाठीत धपाटा घालून बघू?" वहिनीने विचारलं.

"नावाआधीच?" शालूकाकू म्हणाल्या. "त्यापेक्षा आमच्या कुंदाला सांगू दे. तीही चुलत आत्याच की!"

हेमांगीने पट्टा उपटून घुगऱ्यांच्या पातेल्यात फेकला. मग बाळाच्या कानाला ओठ लावून तिने नुसत्या श्वासाने नाव सांगितलं. बाळ रडायचं थांबलं.

"आम्हाला कुठे ऐकू आलं?" काकू कुरकुरल्या.

हेमांगीने बाळाकडे बोट दाखवलं. जिला सांगायचं तिला सांगून झालं होतं. वहिनीने हेमांगीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"अपडेट पूर्ण," पातेलं म्हणालं. "आता बोला."

आत्याने त्यावर झाकण घातलं.