न झोपणारा डबा

"अहो बाई, तुमचा हा डबा झोपत का नाही?" आमचे हे पुन्हा कुरकुरले.

निकेतने एकेक भाग निवडून, स्वतः जोडून आमच्यासाठी बनवलेला कॉम्प्युटर. लेकाची माया म्हणून मी रोज पदराने पुसते. पण मेला स्लीपवर टाकला तरी क्षणात जागा!

शेजारच्या कल्पिताने सेटिंग तपासली. "काकी, याचा कॅमेरा निकेतदादाने पनवेलहून चालू ठेवलाय. म्हणून हा झोपत नाही."

मी तिथल्या तिथे फोन लावला. "अरे, आईवरच पाळत ठेवतोस?"



 

"विचारलं की तू 'सगळं बरंय' म्हणतेस. आई... बाबा तुला ओळखत नाहीत ना आता?"