टोपलीच्या तळाशी

अळंबी तव्यावर टाकून ओडेत टोपली झटकायला गेली आणि तळाच्या पानांत तिला ती वाटी सापडली. फुटक्या अंड्याच्या कवचाएवढी, पांढरी, मऊ. विषारी अळंबीचा देठ जमिनीत ज्या पिशवीत बसलेला असतो, ती. वरची अळंबी मात्र टोपलीत नव्हती. सगळी तव्यावर गेली होती.

लोणी तडतडत होतं. टेबलापाशी तिचा नवरा फर्नां पाव कापत होता. सुरी कुठे पडतेय ते बोटांनी चाचपून बघत होता. चष्म्याचं नाव काढलं की तो चार दिवस अबोला धरी. दर रविवारी चर्चमधून परतताना अख्खं गाव आपापल्या टोपल्या त्याच्यापुढे ठेवी आणि तो 'खा' म्हणाला की निर्धास्त खाई. चाळीस वर्षांत एकाचंही पोट दुखलेलं नाही, हे तो न विचारता सांगे.

आजची टोपलीही त्यानंच भरून आणली होती. खरं सांगावं, तर उद्यापासून दाराशी कुत्रंही थांबणार नाही. मग हा माणूस दिवसभर करणार काय?

तिनं दांडा धरून तवा उचलला आणि सोडून दिला.

"लग्नात पण केक तूच पाडला होतास," फर्नां म्हणाला.

हात भाजला, असं काहीतरी ती पुटपुटली. फरशीवरचा तुकडा न् तुकडा गोळा करून तिनं चुलीत टाकला. मांजराला लाथेनं बाहेर काढलं. एरवी ती मांजराला आधी वाढून मग जेवायची. सगळं पुसून झाल्यावर कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"जाऊ दे," फर्नां म्हणाला. "सकाळी जंगलातून येताना मी अर्धी जिनेतकडे दिलीत. नातवंडं आलीत ना तिची. जा, वाटीभर घेऊन ये."

ओडेत ॲप्रनवरच धावत सुटली. चौकात पायातली एक चप्पल निसटली, ती तिथंच राहिली. जिनेतच्या खिडकीतून लसणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आत मुलं कशावरून तरी खिदळत होती.

"किती जणांनी खाल्लं?" ओडेतनं खिडकीतूनच विचारलं.

"तिघांनीही," जिनेत हसत म्हणाली. "पावानं तवासुद्धा पुसून खाल्ला गं. मला मेलीला चमचाभरही उरलं नाही."