खुडूक कोंबडी

"ती नका घेऊ, मावशी. खुडूक झालीय, आता अंडी देणार नाही," कोंबडीवाला म्हणाला.

परसात पाळायला मला बुटक्या जातीच्या चार कोंबड्या हव्या होत्या. जागा थोडी लागते, खातातही कमी. तीन मी निवडल्या, चौथी सुनेला निवडायला सांगितली. पोटातलं लेकरू गेल्यापासून महिनाभर ती बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. आमच्या घरात रडत बसायची रीत नाही.

तिनं त्याच कोंबडीवर बोट ठेवलं. खाली एकही अंडं नसताना ती डालग्यात पंख पसरून बसली होती.

"पाण्यात बुडवून काढा, खूळ उतरेल," तो म्हणाला. मला शिकवतो मेला! जन्मभर मी तेच करत आले.

घरी येऊन बादली भरली, कोंबडी उचलली. तिचं पोट तव्यासारखं तापलं होतं.

"आत्याबाई, बुडवू नका," मागून सून म्हणाली. "बसू द्या तिला."

बादली मी कढीपत्त्याला ओतली आणि शेजारणीच्या दारात गेले. तिच्याकडे कोंबडा आहे. आजवर मी कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही.

"सहा अंडी दे," म्हटलं. "कोंबडी बसवायचीय."