उड्डाणाआधीचे चार प्रश्न

मामाने तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या ओळीतली दोन अक्षरं चुकवली. डॉक्टरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याला दुसरा डोळा झाकायला सांगितलं.

युद्धाचा अकरावा दिवस होता. दुपारचे दोन वाजले होते आणि तीनला मामाचं विमान उडायचं होतं. त्याआधी तपासणीच्या कागदावर डॉक्टरची सही हवी. सही नसेल तर वैमानिकाला विमानाच्या शिडीला हातही लावता येत नाही, मग तो कितीही मोठा असो. आणि मामा या तळावर सगळ्यांत मोठा. वय बेचाळीस. इथल्या निम्म्या पोरांना लढाऊ विमान त्यानेच शिकवलेलं, म्हणून तो सगळ्यांचा मामा.

वैमानिक आणि डॉक्टर यांचं नातं मोठं गमतीचं असतं. वैमानिक डॉक्टरला कधी खरं सांगत नाही. ताप असेल तर गार पाण्याने तोंड धुऊन येतो, उजवा कान दुखत असेल तर डावा पुढे करतो. डॉक्टरलाही हे पक्कं ठाऊक असतं. तो आपला नियमाप्रमाणे चार गोष्टी विचारतो: झोप, जेवण, औषध, घर. समोरचा एका दमात 'ठीक, ठीक, नाही, ठीक' म्हणतो आणि सहीसाठी कागद पुढे सरकवतो. मामाने वीस वर्षं हेच केलं होतं.

आज त्याने कागद सरकवला नाही.

"झोप?" डॉक्टरने विचारलं.

"दोन तास. तीही तुकड्या-तुकड्यांनी."

"जेवण?"

"पोटात राहत नाही रे."

डॉक्टरचं पेन थांबलं. बिचारा इतका थकलाय, की धड खोटंही बोलता येत नाहीये, असं त्याच्या मनात आलं. त्याने दोन्ही रकान्यांत मुकाट्याने 'ठीक' लिहिलं आणि उरलेले दोन प्रश्न विचारलेच नाहीत.

मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं होतं. सहाव्या सेकंदाला मामा डुलला आणि त्याने कपाट धरलं. इथली फरशीच मेली वरखाली आहे, असं डॉक्टर म्हणाला. मामा फरशीकडे बघत राहिला. फरशी चांगली सपाट होती.

खुर्चीत बसल्यावर मामा आपणहून परवाच्या उड्डाणाबद्दल बोलायला लागला. क्षेपणास्त्र मागे लागलं होतं, म्हणून त्याने विमान जोरात वळवलं. अशा वळणात माणसाचं वजन नऊपट होतं आणि रक्त डोक्यातून पायांकडे पळतं. तेव्हा पोट, मांड्या आवळून तुटक तुटक श्वास घ्यायचा, नाहीतर शुद्ध जाते. हे मामाने पोरांकडून किती वेळा घोटून घेतलेलं. कुणाला जमलं नाही की भर वर्गात टिंगल करायचा, बाळंतपणातसुद्धा बायका याहून नीट श्वास घेतात म्हणायचा. परवा त्याचाच ताल चुकला. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिली.

"सगळ्यांनाच येते," डॉक्टर म्हणाला.

"येते," मामा म्हणाला.

डॉक्टर खिडकीपाशी गेला. आता मामाला थांबवायचं की सोडायचं? असा माणूस वर गेला तर खाली येईलच याची खात्री कुणी द्यावी? पण थांबवलं तर काय होतं तेही त्याने बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने 'पैलवान' नावाच्या एका वैमानिकाला कानाच्या दुखण्यावरून खाली बसवलं. तो पैलवान आता कार्यालयात कागदांवर शिक्के मारत होता आणि डॉक्टर दिसला की तोंड फिरवत होता. वर विमानाचा आवाज आला की डोकंसुद्धा वर करत नसे. जिवंत होता, एवढंच. मामाचं तसं करायचं? तेही पोरं लढत असताना? विमान काढून घेतलं तर मामात उरतं काय?

"मग?" मामाने मागून विचारलं. "काय ठरवलंस?"

त्याचा आवाज कापत होता. वीस वर्षांत डॉक्टरने तो आवाज असा ऐकला नव्हता. मामा बैलासारखा दमलेला होता आणि एकटक त्या कागदाकडे बघत होता.

"माझ्यावर सोडतोस?"

"तुझ्यावरच सोडलंय," मामा म्हणाला.

डॉक्टर टेबलापाशी आला. उभ्या-उभ्याच त्याने सही ठोकली आणि कागद मामाच्या हातात दिला. मामाने ती सही बराच वेळ बघितली. मग कागदाची नीट घडी घातली, उठला आणि डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू भला माणूस आहेस," तो म्हणाला आणि निघून गेला.

डॉक्टरला भरून आलं. नियम मोडला खरा, पण मित्राची लाज राखली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच आपण काहीतरी चांगलं केलं, असं त्याला वाटलं. त्याने गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

तीनला एकामागून एक चार विमानं उडाली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. तेवढ्यात फोन वाजला. मामाची बायको होती.

"भाऊजी, त्यांना घरी कधी पाठवताय?"

"घरी? का हो वहिनी?"

"म्हणजे बोलले नाहीत ना? मला वाटलंच होतं. शिकवलेली पोरं रोज जाताहेत, मग 'मला पाठवू नका' म्हणायला जीभ रेटत नाही त्यांची. पण आज तुमच्यापासून काहीच लपवणार नाही म्हणालेत. म्हणाले, मला बोलायची गरजच पडणार नाही, त्याच्या बरोबर लक्षात येईल."